शास्त्रातली गावं : लेखांक ९ – अष्कोलचा घड

जेरुसलेम आज नाही. मागच्या लेखातल्या बैर-शेबाच्या विहिरीवरून उठून थेट तिकडं निघायचं ठरलं होतं खरं, पण मधे भिलवडीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि माझी गाडी रूळ बदलून बसली. ते विचारतात, अरबांची ‘वादी’ आणि आपली ‘वाडी’ एकच का? मग आमच्या सांडगेवाडीचं मूळ तिकडं निघायचं का?

नाही निघायचं. आपली वाडी संस्कृत वाटिकेच्या घरची, कुंपण घातलेली जागा. वादी म्हणजे पाण्याची वाट. स्पेनमधल्या ग्वादलकिवीर नदीच्या नावात ‘अल्-वादी अल्-कबीर’, म्हणजे मोठी वादी, अजून नांदते आहे. हिब्रूत याच अर्थाचा शब्द ‘नहल’. नहल म्हणजे बारमाही नदी नव्हे. पावसात लोंढा आणि पुढं नुसते दगडगोटे. आपण ज्याला ओढा म्हणतो तोच. भाषांतरात ‘नदी’ वाचलं की आम्हा कृष्णाकाठच्यांच्या डोळ्यांपुढं भलतंच पात्र येतं. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्या याच कामात होत्या. असे ओढे त्यांना पानोपानी आडवे आले असणार.

आता ओढा निघालाच आहे, तर आमच्या पलूसकरांना सगळ्यात जवळचा ओढा सांगतो : नहल अष्कोल. अष्कोल म्हणजे घड. गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशे बारा हेर कनान देशात पाठवतो. हेब्रोनजवळच्या या ओढ्यावर ते द्राक्षाची फांदी एका घडासकट तोडतात आणि दांड्याला लावून दोघांच्या खांद्यावरून नेतात. शिवाय डाळिंबं, अंजीर. त्या घडावरूनच ओढ्याला हे नाव पडलं, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे.

शेजारच्या बागायतदाराला मी हे मंडपाखाली सांगितलं. हातातली कात्री न थांबवता तो म्हणाला, ‘‘दोघांनी खांद्यावर? मग विरळणी केलीच नव्हती बघा. असला घड आतनं सडतो.’’ आणि अर्ध्या किलोचा एक घड तळहातावर तोलून त्यानं मला दाखवला. मला वाटतं, दांडा वजनासाठी नसेल, मणी चेंगरू नयेत म्हणून असेल. त्याला ते पटलं नाही.

पण खरी गंमत पुढंच आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात, म्हणजे हेरांच्या कितीतरी पिढ्या आधी, अब्राहाम याच हेब्रोनजवळ राहतो. त्याच्या मित्रपक्षात मम्रे नावाचा अमोरी आहे, आणि मम्रेच्या भावाचं नाव? अष्कोल! मग ओढा घडाचा की माणसाचा? माझं मत माणसाच्या बाजूनं झुकतं. नाव आधीपासूनच असावं, आणि ‘घड’ हा अर्थ कानाला लागताच गोष्ट त्याला येऊन चिकटली असावी. सांगली म्हणजे ‘सहा गल्ली’ असं आपण मुलांना सांगतोच की.

माणसाचं नाव जागेला कसं लागतं हे बघायला आपल्याला हेब्रोनला जायला नको. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला आणि माळाची किर्लोस्करवाडी झाली. ‘किर्लोस्कर’ हे आडनाव मुळात कोकणातल्या गावाचं. म्हणजे गावावरून माणूस, माणसावरून पुन्हा गाव. कोकणातल्या बेने इस्राएलांनीही, म्हणजे तिथल्या ज्यूंनीही, गावांवरूनच आडनावं घेतली. त्यांची पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं ऐकून त्यांच्या प्रार्थनेची भाषा हिब्रू आहे, हे कुणाला सुचणार नाही.

आणि अष्कोल? इस्राएलचे एक पंतप्रधान लेवी एश्कोल, कारकीर्द १९६३ ते १९६९. जन्मनाव श्कोल्निक, तिथं गेल्यावर त्यांनी जवळच्या उच्चाराचं हे हिब्रू नाव घेतलं. पुढं नेगेवमधल्या एका प्रादेशिक परिषदेला एश्कोल हे नाव मिळालं. ते घडावरून नव्हे, या लेवींवरून! इस्राएलच्या पर्यटन खात्याच्या बोधचिन्हावर मात्र दांड्यावर घड घेतलेले ते दोन हेर अजून चालतच आहेत.

जेरुसलेम पुढच्या आठवड्यात. नक्की. अर्थात शेजाऱ्यानं तोवर हातात कात्री दिली नाही तर.