गावचं मातीचं धरण ओळखा 🌧️

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीवर काळ कोसळला. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणून ही पोस्ट.

मातीचं धरण म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. मधे चिकण मातीचा गाभा पाणी अडवतो. दोन्ही बाजूंचा मुरमाड भराव त्याला आधार देतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांपासून राखण करणारं दगडी पिचिंग असतं. बाजूला जादा पाणी काढून देणारा सांडवा असतो.

थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच. पाणी स्वच्छ आणि एकसारखं असेल तर घाबरू नका. पण हे दिसलं तर थांबू नका:

🔴 पाझराचं पाणी गढूळ झालं किंवा अचानक वाढलं. पाणी आतली माती घेऊन निघालंय.
🔴 माथ्यावर लांब भेगा किंवा खचलेला भाग.
🔴 उतारावर मोठी झाडं, उंदीर-घुशींची बिळं. कुजलेली मुळं आणि बिळं पाण्याला वाट देतात.
🔴 सांडव्यात गाळ, झुडपं, किंवा मासे धरायला घातलेला बांध. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून जातं आणि भराव कापत सुटतं.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. गावोगावचे छोटे पाझर तलाव बहुधा त्याबाहेरच राहतात. त्यांचे पहारेकरी आपणच.

पावसाआधी एकदा बांधावरून चालत जा. काही दिसलं तर फोटो काढा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. गढूळ पाणी वाढत असेल, तर आधी खालची वस्ती हलवा. 🙏