ई-टपाल बटवडा आज्ञावलींचे सुरक्षित संवेष्टन

यूनिक्स व तत्सदृश परिचालन प्रणालींवर, आलेले ई-टपाल गाळून व निवडून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणाऱ्या आज्ञावलीस बटवडा आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीची मूळ संहिता मिळवून ती तपासणे, तीत आवश्यक त्या दुरुस्त्या करणे, तिच्या फाईलींची मालकी व परवानग्या ठरविणे आणि कोणत्याही यंत्रावर सहज बसविता येईल असा तिचा गठ्ठा तयार करणे, या सर्व क्रियेस संवेष्टन व अशा गठ्ठ्यास पॅकेज म्हणतात. लिनक्सच्या डेबियन व रेड हॅट या वितरणांत अनुक्रमे डेब व आरपीएम या स्वरूपांची पॅकेजे असतात. बीएसडी कुळातील प्रणालींत ती ‘पोर्ट्स’ या संग्रहातून तयार होतात.

टपाल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे काम सेंडमेल, पोस्टफिक्स, एक्झिम यांसारख्या वाहक आज्ञावली करतात. त्यांनी आणलेले पत्र अखेरच्या टप्प्यात बटवडा आज्ञावलीच्या स्वाधीन होते. हे काम पोस्टमनच्या कामासारखे असले, तरी येथील पोस्टमनास पत्र दारातल्या पेटीत टाकून परतता येत नाही; त्याला प्रत्येक घराच्या आतल्या खोलीत जावे लागते व घरमालकाने लिहून ठेवलेल्या सूचना वाचून त्यांप्रमाणे वागावे लागते. अनोळखी माणसाने पाठविलेला मजकूर वाचणे व दुसऱ्याच्या खाजगी फाईलीत लिहिणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञावलीत एकत्र आल्यामुळे तिचे संवेष्टन जोखमीचे ठरते. संहिता तीच असली, तरी प्रत्यक्ष यंत्रावर ती कोणत्या अधिकाराने चालेल हे बहुधा संहिता लिहिणारा ठरवीत नाही; पॅकेज करणारा ठरवितो. पॅकेज बसविणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक त्या निर्णयाची फेरतपासणी करतात.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली प्रॉकमेल ही होय. स्टीफन आर. व्हान डेन बर्ग यांनी ती १९९० मध्ये सी भाषेत लिहिली. पुढे तिची देखभाल फिलिप गुंथर यांच्याकडे गेली. तिची ३.२२ ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षे नवी आवृत्ती निघाली नाही. वापरकर्ता आपल्या निर्देशिकेतील एका फाईलीत नियम लिहून ठेवतो. प्रत्येक नियमात काही अटी व एक कृती असते : प्रेषक अमुक असेल व विषयात तमुक शब्द असेल, तर पत्र या पेटीत टाकावे, त्या आज्ञावलीकडे सोपवावे किंवा पुढे पाठवावे. यात मराठी वापरकर्त्यास एक अडचण येते. विषयाच्या ओळीतील देवनागरी मजकूर आरएफसी २०४७ या १९९६ च्या प्रमाणकानुसार रोमन अक्षरे व अंक यांच्या सांकेतिक रूपात प्रवास करतो आणि प्रॉकमेल ती ओळ जशीच्या तशी वाचते. म्हणून नियमात ‘निमंत्रण’ असा शब्द लिहिला, तरी तो सहसा जुळत नाही. त्यासाठी आधी दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीकडून संकेत उलगडून घ्यावा लागतो. अशी जोडलेली प्रत्येक आज्ञावली परक्याचा मजकूर वाचणारी आणखी एक जागा निर्माण करते, हे संवेष्टकाने विसरता कामा नये.

अधिकाराचा प्रश्न : यूनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रिया कोणत्या तरी वापरकर्त्याच्या नावाने चालते. ‘रूट’ या वापरकर्त्यास जवळजवळ कोणतीच मनाई नसते. एखाद्या फाईलीवर सेट-यूआयडी हे चिन्ह असेल, तर ती कोणीही चालविली तरी फाईलीच्या मालकाच्या अधिकाराने चालते. ही युक्ती डेनिस रिची यांची असून तिच्यावर त्यांना १९७९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले होते. प्रॉकमेल ४७५५ वा ६७५५ या परवानग्यांनी व रूटच्या मालकीने बसविली, तर ती कोणाच्याही पेटीत पत्र टाकू शकते. परंतु मग तिच्यातील लहानसा दोषही यंत्रावरील सामान्य वापरकर्त्यास रूट बनवू शकतो. हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. ३.२० व त्यापूर्वीच्या आवृत्तींत एका संकेताची हाताळणी चालू असतानाच दुसरा संकेत पाठविल्यास आज्ञावली गोंधळून जाई आणि सेट-यूआयडी असलेल्या यंत्रावर त्यातून रूटचा अधिकार मिळण्याची शक्यता होती. सीव्हीई-२००१-०९०५ या क्रमांकाने हा दोष नोंदला गेला.

मग हे चिन्ह लावावेच का? याचे उत्तर प्रॉकमेलला कोण बोलावणार यावर अवलंबून आहे. रूटच्या अधिकाराने चालणारी सेंडमेल तिला बोलावीत असेल, तर अधिकार आधीच हाती असतो. चिन्हाची गरज नसते. पोस्टफिक्स बटव्याची आज्ञा पत्र घेणाऱ्याच्याच नावाने चालविते, म्हणून तेथेही ते लागत नाही. उरते ती टपालपेट्यांच्या निर्देशिकेची अडचण. तीत सर्वांना लिहिण्याची मुभा नसेल, तर सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रॉकमेलला तेथे कुलूप-फाईल निर्माण करता येत नाही. त्यासाठी रूटचा अधिकार न देता ‘मेल’ या गटाचा सेट-जीआयडी अधिकार दिला तरी पुरते. जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व ते हेच : कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व प्रकारच्या यंत्रांवर चालावे म्हणून सर्वाधिक अधिकार देऊन ठेवणे ही संवेष्टकाची सोय असते. वापरकर्त्याची गरज नसते.

दुसरा मार्ग म्हणजे पेट्यांची निर्देशिका १७७७ या परवानग्यांनी सर्वांना खुली ठेवणे. येथे ‘स्टिकी’ बिटामुळे एकाची फाईल दुसऱ्यास पुसता येत नाही. पण जिची पेटी अजून निर्माणच झालेली नाही अशा व्यक्तीच्या नावाने दुसरा कोणी आधीच फाईल किंवा अन्यत्र नेणारा सांकेतिक दुवा करून ठेवू शकतो. मालकी जुळत नसलेली पेटी आढळली, तर प्रॉकमेल ती ‘बोगस’ या शब्दाने सुरू होणारे नाव देऊन बाजूला सारण्याचा प्रयत्न करते. ही सावधगिरी उपयुक्त असली, तरी नव्या वापरकर्त्याची पेटी खाते उघडतानाच योग्य मालकीने निर्माण करून ठेवणे अधिक बरे.

साऱ्या यंत्रासाठी असणाऱ्या ईटीसी निर्देशिकेतील नियम-फाईलीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्रॉकमेलला रूटचा अधिकार असेल, तर त्या फाईलीतील नियम व त्यांतून चालविलेल्या आज्ञावली रूटच्याच नावाने चालतात. ‘ड्रॉपप्रिव्ज’ या चलास ‘यस’ हे मूल्य दिल्यावरच अधिकार सोडला जातो आणि पुढील नियम पत्र घेणाऱ्याच्या नावाने चालतात. पॅकेजबरोबर नमुना फाईल द्यायची असेल, तर ही ओळ तीत सर्वांत वर असली पाहिजे. ती नसताना कोणी टाकाऊ टपाल ओळखणारी आज्ञावली तेथे जोडली, तर जगातील कोणाही माणसाचा मजकूर रूटच्या अधिकाराने वाचला जाऊ लागतो.

कुलुपांचा प्रश्न : जुन्या पद्धतीच्या पेटीत सर्व पत्रे एकाच फाईलीत एकापुढे एक लिहिलेली असतात. बटवडा चालू असताना वाचकाने त्याच वेळी एखादे पत्र पुसले, तर दोन्ही लेखने एकमेकांत मिसळून पेटी बिघडते. हे टळावे म्हणून फाईलीस कुलूप घालतात. पण कुलुपांचे प्रकार अनेक आहेत. कर्नलकडून मिळणारी एफसीएनटीएल, लॉकएफ व फ्लॉक ही कुलुपे आहेत, शिवाय शेजारी स्वतंत्र कुलूप-फाईल निर्माण करण्याची पद्धतही आहे. बटवडा करणारी व वाचणारी आज्ञावली वेगवेगळी कुलुपे वापरीत असतील, तर दोघींनाही दार उघडेच दिसते. प्रॉकमेलची संहिता संकलित होताना यंत्रावर कोणती कुलुपे चालतात याची चाचणी ती स्वतः घेते. आपल्याच यंत्रासाठी संकलन करणाऱ्यास ही चाचणी सोयीची आहे. संवेष्टकाच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते, कारण चाचणी होते त्याच्या यंत्रावर आणि टपाल येते दुसऱ्याच यंत्रावर. म्हणून चाचणी टाळून ‘लॉकिंगटेस्ट’ या चलाने निवड पक्की करतात. तेथे १०० म्हणजे केवळ एफसीएनटीएल. डेबियनच्या नियमावलीनुसार टपाल हाताळणाऱ्या सर्व आज्ञावलींनी एफसीएनटीएल व कुलूप-फाईल ही दोन्ही वापरली पाहिजेत. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मेलडिर या रचनेत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाईल होत असल्याने हा प्रश्न बहुतांशी उरत नाही.

देखभाल : मूळ लेखकांकडून नव्या आवृत्ती येणे थांबल्यावर प्रॉकमेल जिवंत राहिली ती वितरणांच्या संवेष्टकांनी जोडलेल्या दुरुस्त्यांमुळे. त्यांतील काही किरकोळ होत्या. उदा., पॉझिक्सच्या २००८ च्या प्रमाणकात ‘गेटलाइन’ हे फलन आल्यामुळे संहितेतील त्याच नावाच्या जुन्या फलनाशी संघर्ष होऊन संकलनच अडत असे. नाव बदलून हे भागले. इतर दुरुस्त्या गंभीर होत्या. पत्राचे शीर्षभाग हाताळणाऱ्या फॉरमेल या सोबतच्या आज्ञावलीत, अवतरणचिन्हे अपुरी असलेली ओळ आल्यास राखून ठेवलेल्या स्मृतीच्या पलीकडे लिहिले जाई. हा दोष २०१४ मध्ये नोंदला गेला. त्याच आज्ञावलीतील आणखी एक दोष २०१७ मध्ये नोंदावा लागला. केवळ एक पत्र पाठवून दूरच्या माणसास असा दोष वापरता येतो.

२०१४ मध्ये खुद्द गुंथर यांनीच ओपनबीएसडीच्या संग्रहातून प्रॉकमेल काढून टाकावी, तिची संहिता सुरक्षित नाही व पुढील कामास आधार म्हणूनही ती घेऊ नये, असे सुचविले. २००८ च्या आरएफसी ५२२८ या प्रमाणकाच्या संपादकांत तेही होते. सीव्ह या गाळणी-भाषेचे वर्णन करणाऱ्या या प्रमाणकाने मूळ भाषेत बाहेरची आज्ञावली चालविण्याची सोय हेतुपुरस्सर ठेवलेली नाही. पुढे २०२० मध्ये व्हान डेन बर्ग यांनी देखभाल पुन्हा हाती घेतली आणि २०२२ मध्ये ३.२४ ही आवृत्ती निघाली. मधल्या काळात संवेष्टकांनी प्रॉकमेल टाकून द्यावयास हवी होती की नाही, यावर मतभेद आहेत. ती काढली असती, तर हजारो लोकांच्या चालू नियम-फाईली निरुपयोगी झाल्या असत्या आणि त्यांतील पुष्कळांनी जुनीच संहिता दुरुस्तीवाचून स्वतः संकलित केली असती, ही बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही.

संवेष्टकाने केलेली दुरुस्तीही घातक ठरू शकते. डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएलच्या संहितेतील एक ओळ निरुपयोगी समजून काढण्यात आली. त्यामुळे यादृच्छिक अंकांचा साठा इतका आटला, की तेथे निर्माण होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येऊ लागल्या. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले.

संहितेची सत्यता : सप्टेंबर २००२ च्या अखेरीपासून ६ ऑक्टोबरपर्यंत सेंडमेलच्या अधिकृत एफटीपी केंद्रावर ८.१२.६ या आवृत्तीची दूषित संहिता ठेवली गेली होती. तीतील घातक भाग तयार झालेल्या सेंडमेलमध्ये उतरत नसे. संकलन चालू असतानाच तो जागा होऊन बाहेरच्या यंत्राशी संपर्क साधी. म्हणजे बळी ठरे तो संवेष्टकच. अंकीय स्वाक्षरी पडताळणाऱ्यास ही फसवणूक लगेच कळली असती. म्हणूनच संकलन कधीही रूटच्या नावाने करू नये. फाईलींची मालकी रूटकडे असल्याचा केवळ आभास निर्माण करणारी फेकरूट ही आज्ञावली त्यासाठीच वापरतात. स्वाक्षरीलाही मर्यादा आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संपीडन-आज्ञावलीत शोधलेले चोरदार अधिकृतपणे प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच होते, आणि त्यास जागे करणारा भाग सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हता. तेव्हापासून गठ्ठा व भांडार यांची तुलना करून पाहण्याकडे कल वाढला आहे.

नवी आवृत्ती बसवितानाही काळजी घ्यावी लागते. सेट-यूआयडी असलेल्या जुन्या फाईलीस एखाद्या वापरकर्त्याने आधीच दुसरे नाव जोडून ठेवले असेल, तर मूळ नाव पुसल्यावरही सदोष आज्ञावली पूर्ण अधिकारासह शिल्लक राहते. म्हणून डेबियनची डीपीकेजी ही आज्ञावली आधी जुन्या फाईलीचे अधिकार काढून घेते व मगच ती पुसते. व्यवस्थापकाने स्वतः कमी केलेल्या परवानग्या पुढील आवृत्तीने परत वाढवू नयेत, यासाठी डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड या सोयीत त्यांची नोंद करता येते. बटव्यात तात्पुरती अडचण आल्यास आज्ञावलीने ७५ हा निर्गम-अंक द्यावा, म्हणजे वाहक पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. दुसरा अंक दिल्यास पत्र प्रेषकाकडे परत जाऊ शकते. पॅकेज काढून टाकताना टपालपेट्यांना हात लावायचा नसतो, कारण त्यांतील पत्रे पॅकेजची नसून वापरकर्त्यांची असतात.