पाच मजल्यांची उडी

जळगाव-धुळ्याकडचा माणूस गाडी बघायला गेला की आधी बोटांच्या पेरांनी बॉनेट ठोकतो. मग दार धाडकन लावून आवाज ऐकतो. ‘पत्रा दणकट आहे’ असं एकदा ठरलं की निम्मा सौदा झाला. मीही कित्येक वर्षं हेच करत आलो. पुण्याजवळ चाकणला गाड्या कशा आपटून बघतात ते समजून घेतलं, तेव्हा कळलं की मी चुकीच्याच गोष्टीचा आवाज ऐकत होतो.

चाकणला ‘एआरएआय’ या १९६६ साली सुरू झालेल्या संस्थेची प्रयोगशाळा आहे. तिथे कोरी करकरीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका अडथळ्यावर आदळवतात. अडथळ्याच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियमचं, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं, कारण समोरून येणारी गाडीसुद्धा चेपते. आणि धडक सबंध तोंडाची नसते. ड्रायव्हरच्या बाजूचा फक्त ४० टक्के भाग आदळतो. यामागचं कारण एरंडोल-पारोळ्याच्या जुन्या दुपदरी रस्त्यावरून गेलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. समोर गाडी आली की शेवटच्या क्षणी हात स्टिअरिंग वळवतातच, आणि ठोकर बसते ती अर्ध्यामुर्ध्या तोंडाला.

ताशी ६४ हा वेग हायवेवर आपल्याला रेंगाळल्यासारखा वाटतो. पण हिशेब मांडून बघा: सेकंदाला जवळजवळ १८ मीटर. म्हणजे १६ मीटरवरून, पाचमजली इमारतीच्या गच्चीवरून, गाडीसकट खाली पडण्याइतका मार. आणि सगळा खेळ साधारण एक दशांश सेकंदात आटोपतो. तेवढ्यात ७० किलोच्या माणसाला थांबवायला सरासरी सव्वा टनाच्या वजनाइतका जोर लागतो!

त्या एक दशांश सेकंदात काय काय घडतं! आधी गाडीचं नाक घडी पडल्यासारखं दुमडत जातं आणि धक्का पिऊन टाकतं. पट्टा छातीला आवळतो. सुमारे ३० सहस्रांश सेकंदात एअरबॅग फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पत्रा चेपला म्हणून गाडी कच्ची, हा समज इथे पार उलटा होतो. नाकाने चेपायचंच असतं. माणसं बसतात तो पिंजरा मात्र जागचा हलता कामा नये.

आत माणसांच्या जागी बसवलेले पुतळे तर विलक्षणच. पोलादी सांगाडा, रबरासारखी कातडी, डोक्यात-छातीत-पायात सेन्सर. त्यांच्या फासळ्या तापमानाने मऊ-कडक होतात, म्हणून त्यांना २०-२२ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. भुसावळच्या मे महिन्यात त्यांची फासळी खरं बोलणार नाही. तोंडाला आणि गुडघ्यांना ओला रंग फासतात. धडकेनंतर डॅशबोर्डवर तो रंग जिथे उमटला, तिथे गुडघा लागला.

२०१४ साली गाड्यांच्या सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची अशी परीक्षा घेतली, तीही जर्मनीत. पाचही बिनएअरबॅगच्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे! त्यातल्या पोलोचा सांगाडा टिकला होता. तीच गाडी एअरबॅग लावून आदळवली तेव्हा तिला चार तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ लागू झालं आणि ही परीक्षा आपल्याच देशात होऊ लागली. मात्र ती ऐच्छिक आहे, आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांपुरतीच. ती सक्तीची व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ट्रकला हे तारे नाहीत. ट्रकच्या चाचण्या वेगळ्या. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून इंदूरच्या बाजूला गेलं की पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची धावपट्टी आहे. दुचाकीपासून अवजड ट्रेलरपर्यंत सगळं तिथे पळवून बघता येतं.

पण कारमधल्या माणसाचा जीव ट्रकच्या एका साध्या भागावर टांगलेला असतो: मागच्या चाकांमागचा आडवा लोखंडी दांडा. तो धड असेल तर मागून आदळलेल्या कारचं नाक त्याला लागून चेपतं. तो नसेल किंवा वर वाकलेला असेल, तर नाक सरळ ट्रकखाली शिरतं आणि पहिला मार बसतो काचेला. मग पाच तारेही फारसे कामी येत नाहीत. सावदा-रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक संध्याकाळी पुढे दिसला, की मी आता आधी त्याचा तो दांडा बघतो आणि अंतर वाढवतो.