साल्मोनेला जिवाणूची जनुके आणि कोंबड्यांमधील संसर्ग : एक विवेचन

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. याच कारखान्यात डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांनी संशोधन केले आणि तेथील एका मृदाजिवाणूस 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव मिळाले. आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या परिसराचे सूक्ष्मजीवशास्त्राशी असलेले नाते असे जुने आहे. पुण्याचा दुसरा मोठा उद्योग कुक्कुटपालनाचा. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत कामगारांच्या खाणावळींत व कारखान्यांच्या उपाहारगृहांत अंडे आणि कोंबडी हे स्वस्त प्रथिनांचे साधन होय. त्यामुळे कोंबडीच्या शरीरात साल्मोनेला कसा टिकतो, हा प्रश्न केवळ पशुवैद्यकाचा राहत नाही.

साल्मोनेलाच्या जनुकसंचात चार हजारांहून अधिक जनुके असतात. रोगकारकतेशी संबंधित जनुके त्यात विखुरलेली नसून बरीचशी गटागटाने एकत्र आढळतात. या गटांना 'रोगकारकतेची बेटे' असे म्हणतात. हे नाव समर्पक आहे, कारण हे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात बाहेरून येऊन मूळ गुणसूत्रात सामावले गेले असावेत, असे त्यांच्या रचनेवरून दिसते. पहिल्या बेटावरील जनुके सुईसारखी एक सूक्ष्म यंत्रणा तयार करतात. या सुईतून जिवाणू आपली प्रथिने आतड्याच्या पेशीत सोडतो. पेशीचे आवरण उसळ्या घेते आणि जिवाणूस आत ओढून घेते. दुसऱ्या बेटावरील जनुकांचे कार्य त्यानंतर सुरू होते. जिवाणूस गिळून नष्ट करण्याचे काम ज्या भक्षकपेशींचे, त्यांच्याच पोटातील पोकळीत जिवंत राहून वाढण्याची सोय ही जनुके करतात. भोवतालची आम्लता व मॅग्नेशियमचे अल्प प्रमाण ओळखून 'पीएचओपी-पीएचओक्यू' ही नियंत्रक जोडी भक्षकपेशीत टिकण्यासाठी लागणारी अनेक जनुके कार्यान्वित करते.

येथे एक लक्षणीय भेद ध्यानात घ्यावा लागतो. 'एन्टरिटायडिस' व 'टायफीम्युरियम' हे साल्मोनेलाचे प्रकार प्रौढ कोंबडीच्या आतड्यात राहतात, पण तिला सहसा आजारी पाडत नाहीत. मनुष्यास मात्र त्यांच्यामुळे अन्नविषबाधा होते. याउलट 'गॅलिनेरम' हा प्रकार कोंबड्यांचा विषमज्वर घडवून कळपच्या कळप नष्ट करतो, आणि 'पुलोरम' पिलांना पांढरी हगवण लावतो. मनुष्यास मात्र त्यांच्यापासून सहसा अपाय होत नाही. हे चारही प्रकार एकाच प्रजातीचे आहेत. मग हा फरक कशामुळे?

नवी जनुके मिळाल्यामुळे गॅलिनेरम अधिक घातक झाला असेल, अशी कोणाचीही प्रथम समजूत होईल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासातून जवळजवळ उलट चित्र समोर आले. गॅलिनेरम हा एन्टरिटायडिससारख्या पूर्वजापासूनच उद्भवला असून त्याची सुमारे तीनशे जनुके निकामी झालेली आहेत. कशाभिका बनवण्याची क्षमता त्याने गमावली आहे. हे नुकसान त्याच्या पथ्यावर पडले असे मानण्यास आधार आहे : कशाभिकेचे प्रथिन कोंबडीच्या पेशींवरील एक ग्राही ओळखतो व दाहाची सूचना देतो, ते प्रथिनच नसेल तर पहारेकरी जागा होत नाही आणि जिवाणू आतड्यातून निमूटपणे यकृत व प्लीहेपर्यंत पोहोचतो. कशाभिका नसलेला टायफीम्युरियम प्रयोगशाळेत तयार करून कोंबड्यांना दिला असता तोही आतड्याबाहेर अधिक पसरल्याचे २००५ मध्ये दिसून आले. २००१ मधील प्रयोगांत तर पहिले बेट बंद पाडूनही गॅलिनेरमची मारकता टिकली. दुसरे बेट बंद पाडताच ती नाहीशी झाली. म्हणजे या रोगात आतड्यात शिरण्यापेक्षा भक्षकपेशीत टिकणे निर्णायक ठरते. मनुष्याच्या विषमज्वराचा जिवाणू टायफी यानेही याच रीतीने अनेक जनुके गमावली व तो केवळ मनुष्यापुरता उरला, हे साम्य विचार करण्याजोगे आहे.

पुलोरम प्लीहेतील भक्षकपेशींत महिनोन्‌महिने दडून राहतो. कोंबडी अंडी घालू लागण्याच्या सुमारास तिची प्रतिकारशक्ती मंदावते, तेव्हा तो अंडाशयात उतरतो व अंड्यावाटे पुढील पिढीत जातो. प्रजननाच्या कळपांची रक्तचाचणी करून बाधित पक्षी काढून टाकण्याचा आग्रह यामुळेच धरला जातो.

या ज्ञानाचा उपयोग काय? इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ यांनी १९५६ मध्ये तयार केलेली '९-आर' ही जिवंत लस आजही विषमज्वराविरुद्ध वापरली जाते. तिच्यातील जिवाणूचे बाह्य शर्करावरण अपूर्ण असते, आणि त्यामागे एका जनुकातील बिघाड आहे हे पुष्कळ नंतर कळले. एकाच बिघाडावर विसंबलेली लस पूर्ववत घातक होऊ शकते, ही शंका त्यामुळे रास्त ठरते. दुसऱ्या बेटातील एखादे जनुक हेतुपूर्वक वगळून बनवलेली लस प्रस्तुत लेखकास अधिक विश्वासार्ह वाटते. निदानासाठी 'आयएनव्हीए' या जनुकाची चाचणी प्रचलित आहे. तथापि ते जनुक साल्मोनेलाच्या बहुतेक सर्व प्रकारांत असल्याने, कळपास धोका आहे की खाणाऱ्यास, हे केवळ त्या चाचणीवरून सांगता येत नाही.

औषधांची बाजू अधिक चिंतेची आहे. 'जीवायआरए' या जनुकातील एका अक्षराचा बदलदेखील क्विनोलोन गटातील औषधांचा प्रभाव कमी करतो, आणि कोंबड्यांना दिले जाणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन त्याच गटातील आहे. कोलिस्टिनला दाद न देणारे 'एमसीआर-१' हे जनुक तर एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या प्लाझ्मिडवर असल्याचे २०१५ मध्ये चीनमध्ये आढळले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. ज्या पिंपरीत या देशाने प्रतिजैविके स्वतः बनवण्यास आरंभ केला, तेथून काही कोसांवरच्या खुराड्यांत आज कोणती औषधे खाद्यातून दिली जातात, याची नोंद ठेवण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना सहज हाती घेता येईल.