ॲमिनो अम्ल मार्गण द्रव्ये, किरणोत्सर्गी

कर्करोगाच्या अर्बुदाचे (कोशिकांच्या बेसुमार वाढीने झालेल्या गाठीचे) स्थान व विस्तार शरीराबाहेरून प्रतिमारूपाने पाहण्यासाठी, ज्यांच्या रेणूत किरणोत्सर्गी अणू बसविलेला असतो अशा ॲमिनो अम्लांना किंवा तत्सदृश संयुगांना ही संज्ञा देतात. असे द्रव्य अत्यल्प प्रमाणात शिरेतून टोचल्यावर अर्बुदात अधिक साठते व तेथून येणाऱ्या गॅमा किरणांवरून संगणकाच्या साहाय्याने प्रतिमा तयार करता येते. [⟶ कर्करोग].

झपाट्याने वाढणाऱ्या कोशिकांना प्रथिननिर्मितीसाठी ॲमिनो अम्ले अधिक लागतात, हे यामागील ढोबळ तत्त्व होय. तथापि प्रतिमेत दिसते ते बहुधा कोशिकापटलातून होणारे वहन असते. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी वर्णन केलेले एलएटी-१ हे वाहक प्रथिन ल्युसीन, टायरोसीन यांसारखे एक ॲमिनो अम्ल आत घेताना दुसरे बाहेर सोडते. अनेक अर्बुदांत ते विपुल असते.

१९६० नंतरच्या दशकात मिथिओनिनातील गंधकाच्या जागी सेलेनियम-७५ घालून अग्निपिंडाच्या प्रतिमा घेण्यात आल्या. परंतु या समस्थानिकाचे अर्धायुष्य सु. १२० दिवस असल्याने मात्रा थोडी द्यावी लागे व प्रतिमा अस्पष्ट येत. पॉझिट्रॉन उत्सर्जन प्रतिमांकनाने हे चित्र पालटले. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकमेकांचा नाश करतात तेव्हा प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. ते एकाच वेळी नोंदल्याने उगमस्थान निश्चित करता येते.

या तंत्रात सर्वाधिक वापरले जाणारे फ्ल्युओरोडीऑक्सिग्लुकोज १९७६ मध्ये मानवास प्रथम देण्यात आले. निरोगी मेंदूही ग्लुकोज भरपूर वापरतो, त्यामुळे मेंदूतील अर्बुद त्या उजळ पार्श्वभूमीत हरवते. ॲमिनो अम्लांची मेंदूतील पार्श्वभूमी मंद असते. कार्बन-११ युक्त मिथिओनीन त्यामुळेच उपयुक्त ठरले. पण त्याचे अर्धायुष्य सु. २० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन रुग्णालयाच्या आवारातच लागते. (भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.) फ्ल्युओरीन-१८ चे अर्धायुष्य सु. ११० मिनिटे असल्याने द्रव्य दुसऱ्या गावीही पाठविता येते.

१९९९ मध्ये जर्मनीत वर्णिलेले फ्ल्युओरोएथिल टायरोसीन हे याचे चांगले उदाहरण होय. ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनांचा मारा करून फ्ल्युओराइड मिळवितात व ते कोरडे करतात. टायरोसिनाच्या पूर्वगामी संयुगात सहज निघून जाणारा टोसिल गट ठेवलेला असतो. त्याची जागा फ्ल्युओराइड घेते. मूळ रेणूतील ॲमिनो व कार्बॉक्सिल गट या विक्रियेत अडथळा आणतील, म्हणून ते आधीच झाकलेले असतात आणि शेवटी अम्लाने उघडले जातात. रेणूचे वामरूप टिकवावे लागते, कारण वाहक प्रथिन त्यालाच अधिक स्वीकारते. शुद्धीकरण व निर्जंतुकता यांची तपासणीही त्याच मुदतीत उरकावी लागते, कारण ११० मिनिटांत निम्मे व २२० मिनिटांत तीन-चतुर्थांश किरणोत्सर्ग संपलेला असतो. हे संयुग प्रथिनांत समाविष्ट होत नाही. त्यामुळे प्रतिमेचा अर्थ लावणे सोपे जाते.

मेंदूच्या अर्बुदावर प्रारण चिकित्सा झाल्यावर या द्रव्यांची खरी कसोटी लागते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत नवा डाग दिसला, तर तो अर्बुदाची पुनरावृत्ती की प्रारणाने मृत झालेला भाग, हे पुष्कळदा कळत नाही. आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावयाची की नाही हे त्यावरच अवलंबून असते. मृत भागात ॲमिनो अम्लाचे ग्रहण सामान्यतः कमी असते. शिवाय रक्त-मेंदू अडसर अभंग असतानाही वाहक प्रथिनामुळे ही द्रव्ये आत जातात. अर्बुदचिकित्सकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये त्यांच्या वापराची शिफारस केली. मात्र मंद गतीने वाढणारी काही अर्बुदे त्यांना दाद देत नाहीत व शोथयुक्त भागातही थोडे ग्रहण होऊ शकते.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठात विकसित झालेले फ्ल्युसिक्लोव्हीन हे कृत्रिम ॲमिनो अम्ल आहे. ते मूत्रातून सुरुवातीस फारसे उत्सर्जित होत नसल्याने मूत्राशयालगतच्या अष्ठीला ग्रंथीचा भाग स्पष्ट दिसतो. त्या ग्रंथीच्या कर्करोगाची पुनरावृत्ती शोधण्यासाठी त्यास अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.