चार कॉर्डांचे आवर्तन

पूर्वीसारखी गाणी आता होत नाहीत, ही तक्रार प्रत्येक पिढी करीत आली आहे. तिच्यातून गतकाळाचा मोह वजा केल्यावर मागे काही उरते काय? पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतापुरते तरी ‘उरते’ असेच उत्तर द्यावे लागते.

बीटल्सचे १९६७ मधील ‘पेनी लेन’ वरकरणी साधे गाणे. परंतु त्याचे कडवे ‘बी’ या पट्टीत सुरू होऊन मध्येच मायनरकडे झुकते, ध्रुवपद एक पूर्ण स्वर खाली ‘ए’ पट्टीत उतरते आणि अखेरीस तेच ध्रुवपद पुन्हा ‘बी’मध्ये चढते. ऐकणाऱ्यास ही वळणे जाणवतात, पण खटकत नाहीत. याउलट, २०१७ मध्ये जगभर गाजलेल्या ‘देस्पासितो’मध्ये त्याच चार कॉर्ड त्याच क्रमाने फिरत राहतात. स्पेनमधील संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणे संगणकाद्वारे तपासली. स्वरसमूहांच्या जोडणीतील वैविध्य घटत गेले आणि ध्वनीची पातळी मात्र वाढत गेली, असा त्यांचा २०१२ मधील निष्कर्ष आहे.

याची कारणे कामाच्या पद्धतीत शोधावी लागतात. जेरोम कर्न किंवा बर्ट बकॅरॅक यांच्यासारखे रचनाकार पियानोवर घडले. बकॅरॅक यांनी तर दारियुस मियो यांच्याकडे रीतसर धडे घेतले होते. आज संगणकावर चार मात्राखंडांचा तुकडा तयार करून त्याची आवर्तने जोडणे सोपे झाले आहे. शिवाय ‘स्पॉटिफाय’वर गाणे तीस सेकंद वाजले की त्याची गणना होते. अशा बाजारात दूरच्या वळणाची वाट पाहण्यास श्रोत्याला सांगणार कोण?

तथापि गुंतागुंत म्हणजेच गुणवत्ता, हे समीकरण टिकणारे नाही. बीटल्सचेच १९६६ मधील ‘टुमॉरो नेव्हर नोज’ जवळजवळ एकाच कॉर्डवर उभे आहे. हिपहॉपची श्रीमंती लयीत आणि शब्दांत असते. आपल्या रागसंगीतात तर षड्ज अढळ असतो आणि कॉर्ड मुळी नसतेच. म्हणून त्याला कोणी दरिद्री म्हणत नाही.

चिंतेचा मुद्दा निराळा आहे. हिंदी चित्रपटगीतांना स्वरसंवादाची जोड देणाऱ्यांत सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे वादक-संयोजक अग्रभागी होते. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या संगीतशाळांनी अशा वादकांच्या पिढ्या घडविल्या. ही विद्या आपोआप आलेली नव्हती. ती शिकविली गेली होती. जाणकाराने साधेपणा निवडला, तर ती कला ठरते. दुसरे काही येतच नाही म्हणून तो पत्करला, तर ती उणीव होय. हा फरक ओळखणारा कान उपजत नसतो. तो शाळेच्या वर्गातच घडवावा लागेल.