एका डबीत अडकलेले घर

दिवाळी तोंडावर आली की माळा झाडायचे काम माझ्या वाट्याला येते. दरवर्षी तीच मंडळी माळ्यावरून खाली उतरतात: पितळी समया, काच फुटलेला कंदील, आजोबांची ट्रंक. गेल्या काही वर्षांपासून या मंडळींत एक नवा पाहुणा दाखल झाला आहे. तळहातावर मावेल एवढी एक धातूची डबी, वजनाने अर्ध्या किलोच्या आतबाहेर. ती कायमची बंद पडली आहे, भंगारवालाही तिचे फारसे काही देणार नाही. पण घरातले कोणीच ती टाकू देत नाही. तिच्यात आमचे घर पाच वर्षे अडकून पडले होते. त्याची ही हकीकत.

आमचे गाव आर्णी. यवतमाळहून माहूरकडे निघालात की वाटेत अरुणावतीच्या काठी लागते. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याच्या उर्सामुळे दूरदूरच्या लोकांना गावाचे नाव माहीत असते. पूर्वी आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे एक सोहळा असे. स्टुडिओत जायचे, केसांना तेल चोपडायचे, श्वास रोखून उभे राहायचे. रोळात छत्तीस फोटो, तेव्हा एकेक जपून काढायचा. पण जो निघे तो कागदावर येई आणि अल्बममध्ये जाऊन बसे.

२००६ साली घरात कॉम्प्युटर आला आणि पाठोपाठ डिजिटल कॅमेरा आला. रोळाचा खर्च संपला आणि आमचा हात सैल सुटला. पोळ्याला बैलांचे फोटो, वेचणीला शेतातले फोटो, बहिणीचे लग्न, भाच्याचे बारसे. काढायचे आणि कॉम्प्युटरात टाकायचे. ‘सवडीने छापून आणू’ असे म्हणत आठ वर्षे गेली. एकही फोटो छापला गेला नाही.

२०१४ साली आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घाईगर्दीत हाताशी आले ते तिचे मतदार ओळखपत्र. त्यावरचाच फोटो मोठा करून आणला. त्यात आई अशी पाहते आहे, जणू कोणी तिला पोलीसठाण्यात बोलावले आहे.

बाबा पाच वर्षे काही बोलले नाहीत. २०१९ च्या पितृपक्षात मात्र हार घालताना एकदम म्हणाले, “हे काय लावलं गा भितीवर? तुही माय अशी होती का? तो माहूरचा फोटो काढ न. हासत होती थे.”

माहूरचा फोटो मला चांगला आठवत होता. मीच काढला होता, २००८ साली. आईच्या तोंडाला पदर नाही आणि ती मोकळेपणी हसते आहे, असा तो बहुधा एकच. कॉम्प्युटर बरेच दिवस कापडाखाली झाकलेला होता. मी बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला आणि तिथेच थांबला. आतून आवाज येऊ लागला: टक्... टक्... टक्.

आता इथे थोडे थांबून त्या डबीच्या आत काय असते ते सांगितले पाहिजे. मलाही ते तेव्हा माहीत नव्हते. माहीत असते तर पुढच्या चुका टळल्या असत्या.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटापेक्षा मोठा पसारा आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आमच्या घरच्या डबीत त्याच्या सोळा हजार पट मजकूर मावत होता. तत्त्व मात्र तेच. चुंबकीय मुलामा दिलेली चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि एका दांडीच्या टोकाला असलेले इवलेसे वाचकशीर्ष तिच्यावरून तरंगत मजकूर वाचते. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे तिचा काठ ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. आणि शीर्ष व तबकडी यांच्यातले अंतर? माणसाच्या केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढे. धुळीचा कणही त्या फटीपुढे डोंगर ठरतो. म्हणूनच ती डबी कधी घरात उघडायची नसते. टक् टक् आवाज येतो तो बहुधा शीर्षाला मजकूर वाचता येत नाही म्हणून; ते पुन्हा पुन्हा मागे येऊन नव्याने प्रयत्न करीत असते. अशा वेळी शहाण्याने एकच करावे. वीज बंद करून हात जोडून स्वस्थ बसावे.

मी काय केले? त्या दुपारी दहाबारा वेळा तो कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. शेजारच्या एकाने सल्ला दिला की डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हमखास चालते. हा उपाय सर्वत्र सांगितला जातो आणि तो वाईट आहे, कारण गारठलेल्या डबीत ओल धरते. सुदैवाने त्या दिवशी आमच्याकडे वीज नव्हती आणि फ्रीजर गरम होता! पण तिसरी चूक झालीच. मी कॉम्प्युटर उचलून एका दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिला. त्यांनी प्रामाणिकपणे त्यांचे काम केले. डिस्क पुसून तिच्यावर नवे विंडोज घातले आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करून दाखवला. पडद्यावर हिरवी टेकडी, निळे आभाळ. फोटो मात्र एकही नाही.

“फोटो पाहिजे होते हे आधी सांगायचं न भाऊ,” दुकानदार म्हणाला. चूक माझीच होती. मी ‘चालू करून द्या’ एवढेच सांगितले होते.

पुसदला दिलेल्या बहिणीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “दादा, माझ्या लग्नाचेही त्याच्यातच होते ना?” होते. तिच्या लग्नात धावपळ करणारी आईही त्याच्यातच होती.

शेवटी ओळखीतून नागपूरच्या एका कारागिराचा पत्ता लागला. डिस्क काढून घेतली. बाबांनी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, त्यात ती गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर धरून नागपूर गाठले. कारागीर तरुण होता, पण बोलणे एखाद्या जुन्या वैद्याचे. त्याने पहिला प्रश्न विचारला, “आजारी पडल्यापासून हिला किती वेळा चालवलं?” मी खाली पाहिले.

मग त्याने मला जे समजावले ते मी आजही लोकांना सांगत असतो. डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरी त्याची नोंदवही. कोणता फोटो कोणत्या जागी आहे ते सांगणारी. आपण फोटो पुसतो किंवा डिस्क नव्याने बांधून घेतो तेव्हा बहुधा ही नोंदवहीच कोरी होते. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेत काही उडून जात नाही. पण कागदावर ती जमीन आता मोकळी, म्हणून दुसरा कोणी येऊन नांगर घालू शकतो. नांगर फिरला की मागचे पीक गेले ते गेलेच. नवे विंडोज जेवढ्या जागेत बसले तेवढ्या जागेवर नांगर फिरला होता. बाकीचे शेत अजून उभे होते.

“आशा ठेवा,” तो म्हणाला आणि त्याने मला कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान परत येताना आकाशात जळून फुटले आणि आपली कल्पना चावला व तिचे सहा सोबती गेले. त्या अवशेषांत एक हार्ड डिस्क एका कोरड्या तळ्याच्या पात्रात काही महिन्यांनी सापडली, जळून वितळल्यासारखी झालेली. तबकड्या मात्र शाबूत होत्या. एका अमेरिकन प्रयोगशाळेने त्या धुऊन नव्या डबीत बसवल्या आणि जवळजवळ सगळा मजकूर वाचून काढला. झेनॉन वायूवर यानात केलेल्या प्रयोगाची ती टिपणे होती. त्यांवरचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आकाशातून पडलेल्या डबीतून जर इतके निघते, तर आर्णीहून एस.टी.ने आलेल्या डबीतून काही तरी निघेलच, असा त्याचा हिशेब.

कामाची रीत मोठी संयमाची होती. त्याने फोटो शोधायला घेतलेच नाहीत. आधी आजारी डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवायला घेतली. जिथे सहज वाचता येते ते आधी वाचायचे, अडते ती जागा सोडून पुढे जायचे आणि शेवटी त्या सोडलेल्या जागांकडे वळायचे. या नकलेला तीन दिवस लागले. त्यानंतर मूळ डिस्कला हात नाही. सारे शोधकाम नकलेवर.

नोंदवही नसताना फोटो शोधायचा कसा? त्याचीही युक्ती गमतीची आहे. पोथ्यांची पाने एकत्र मिसळली तर आपण काय करतो? ‘श्रीगणेशाय नमः’ दिसले की पोथी सुरू झाली आणि ‘इति’ आले की संपली. आपले बहुतेक फोटो जेपेग नावाच्या पद्धतीने साठवलेले असतात. ही पद्धत १९९२ साली ठरली. तिच्यातही प्रत्येक फोटोच्या आरंभी ठरावीक खूण असते आणि शेवटी ठरावीक खूण असते. कॉम्प्युटर सबंध डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळतो आणि आरंभखूण दिसली की तिथून फोटो उचलतो. पोथीची पाने सलग असतील तर ती पुरी मिळते. मध्येच पाने दुसरीकडे गेली असतील तर अर्धीच हाती लागते.

आठवड्याने फोन आला. अडीच हजारांवर फोटो निघाले होते. त्याने सांगितलेले सात हजार रुपये मी मोजले आणि घरी आलो.

पण घरी आल्यावर एक नवीच अडचण पुढे उभी राहिली. फोटो होते, त्यांना नावे नव्हती. आम्ही केलेल्या ‘ताईचे लग्न’, ‘पोळा’ या कप्प्यांच्या जागी नुसते आकडे. फोटोच्या पोटात कॅमेरा तारीख लिहून ठेवतो खरा, पण आमच्या कॅमेऱ्याचे सेल काढले की त्याचे घड्याळ पहिल्या दिवसावर जाई आणि ते परत लावायचा आम्हाला कंटाळा. परिणामी आमच्या घरातली निम्मी लग्ने, बारशी आणि पोळे १ जानेवारी २००४ या एकाच दिवशी झालेले दिसत होते.

तेव्हा बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मला वाटले होते, चार फोटो पाहून उठतील. ते पंधरा दिवस रोज बसले. “ह्या फोटोत कडुलिंब हाये, म्हणजे वादळाच्या आधीचा. ह्या बैलाचं शिंग मोडलेलं हाये, म्हणजे दुसऱ्या साली. तुह्या मायच्या डोयावर चष्मा नाई, म्हणजे ऑपरेशनच्या आधी.” तुरीला फुले आहेत की कापूस फुटला आहे यावरून ते महिना सांगत, भिंतीच्या रंगावरून साल. मी लिहून घेत होतो. यंत्राने जे परत दिले त्याला अर्थ बाबा देत होते. बाबा नसते तर ते अडीच हजार फोटो म्हणजे अनोळखी माणसांची गर्दी झाली असती.

आणि एका संध्याकाळी माहूरचा फोटो आला. वरचा अर्धा भाग स्वच्छ: मागे गड, पुढे आई, मोकळी हसणारी. कमरेखाली मात्र नुसता राखाडी पट्टा. पोथीची पुढची पाने नांगराखाली गेली होती.

मी हळहळलो. बाबा मात्र पाहत राहिले आणि मग हसले. “खाली काय होतं मालूम हाये का तुले? माह्या चपलेचा अंगठा तुटला होता. म्या म्हटलं, फेकून दे. थे म्हणे, फेकता काहून, आर्णीले शिवून घेऊ. एका हातात प्रसाद अन् एका हातात माही चप्पल, अशी उभी होती. म्हणून तं हासत होती.”

फोटो मी स्वतः काढला होता. मला चप्पल आठवत नव्हती.

तो अर्धा फोटो आता भिंतीवर आहे. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात स्थळ, साल आणि चपलेची हकीकत लिहिली आहे. फोटोचा खालचा भाग तो एवढाच.

या प्रकरणातून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. डिस्क आवाज करू लागली की वीज तोडा. घरात पुराचे पाणी शिरून ती भिजली तर उन्हात वाळवू नका, चालवून पाहू नका, जाणत्याकडे न्या. दुकानात देताना ‘चालू करा’ म्हणू नका, ‘आतले फोटो हवे आहेत’ म्हणा. हल्लीच्या चिपवाल्या डिस्कवर आणि मोबाइलवर पुसलेले परत मिळणे आणखीच अवघड झाले आहे. तिथे मोकळी झालेली जागा यंत्र आपणहून साफ करून टाकते. तेव्हा मुळात फोटोच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. आमची तिसरी प्रत पुसदला बहिणीकडे असते.

आणि एक काम मात्र कोणताही कारागीर करून देणार नाही. या दिवाळीत फराळाला सारे जमतील तेव्हा फोटो काढून बसा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा कोण, ही कुठली जागा, आणि ही हसते आहे ती कशामुळे. सांगतील ते लिहून ठेवा. पुसलेली डिस्क नागपूरला नेता येते. त्या माणसांची नक्कल कुठेच उतरवून मिळत नाही.